सलग जागा

भिंत पाडली त्या दुपारी आई मुकादमासाठी चहा घेऊन आली आणि चालता चालता तिने उजवा हात सवयीने बाजूला नेला. हाताला काही लागलं नाही. ती थांबली. धुरळा अजून खाली बसला नव्हता, छत तोलायला लावलेले लोखंडी टेकू उभे होते आणि जिथे सकाळपर्यंत स्वयंपाकघराची विटांची भिंत होती तिथून, आधीच उघड्या केलेल्या मागच्या बाजूतून, अंगणातला उजेड थेट आत आला होता. हा उजेड घरात आणायचा म्हणून मी वर्षभर धडपडत होते. त्या उजेडात आई कप धरून उभी होती आणि तिचा मोकळा हात हवेत काहीतरी चाचपत होता. मी तिच्या समोरच होते, हात लांब केला असता तर कप घेता आला असता. "भिंगरे, कुठे गेलीस?" ती म्हणाली. मला एका जागी बसवत नाही म्हणून लहानपणापासून तिने मला हे नाव ठेवलंय, आणि आता माझे केस पिकायला लागले तरी ते सुटलेलं नाही. मी म्हणाले, "इथेच आहे की." तिचा चेहरा माझ्याकडे वळला, पण आधी कान वळला आणि मग डोळे. ते डोळे माझ्यावर आले आणि न थांबता पुढे गेले. "आईसाहेब, जपून, पायात विटा आहेत," मुकादम म्हणाला. आई हसली. "माझंच घर मला ओळखेना झालंय बघा," ती म्हणाली, तसा मुकादम हसला, गवंडी हसले आणि मीही हसले.

चहा झाल्यावर मी विटांच्या ढिगाकडे गेले. जुन्या विटा चांगल्या भाजलेल्या, चुन्यात बांधलेल्या, म्हणून त्या साफ करून पुन्हा वापरायच्या असं मीच सांगितलं होतं. त्यातली एक उचलली. तिची एक बाजू काळपट आणि तेल लावल्यासारखी गुळगुळीत होती. दुसरी उचलली, ती कोरडी आणि खरखरीत निघाली. तिसरी पुन्हा गुळगुळीत. मला ढिगात हात घालवेना. घराची मोजमापं मी स्वतः घेतली होती, लेसरचं यंत्र लावून, प्रत्येक कोपरा दोनदा तपासून. त्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळसर पट्टा आहे हेही मी टिपलं होतं, आणि नकाशावर त्याच्या शेजारी मी एक शब्द लिहिला होता: ओल. मग त्याच ओलीचा आधार घेऊन दादाला फोनवर पटवलं होतं की भिंत पाणी धरतेय, आईच्या छातीला ते बरं नाही, ती काढायलाच हवी. ओल खालून चढते, पोपडे काढते, मीठ सोडते. आईच्या खोलीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पट्टी धरल्यासारखी सरळ ती कधीच जात नाही, हात जातो. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे कळतं. मला कळलं नाही, कारण त्या घरात मला काही शोधायचंच नव्हतं. मला ते घर माहीत होतं.

खरं तर माझी कामाची एक पद्धत आहे आणि मी तिच्याबद्दल लोकांना जरा जास्तच ऐकवते. कोणाच्याही घराचं काम घेतलं की कागदावर पहिली रेघ मारण्याआधी मी एक पूर्ण दिवस त्या घरात जाऊन बसते. नुसती बसते. लोक कुठून कुठे जातात, कोणत्या खुर्चीला वळसा घालतात, कुठल्या दाराशी खांदा लावून बोलतात, ते बघते. एकदा एका गृहस्थांच्या बैठकीची खिडकी मी आखल्यावर पुन्हा सरकवली होती, कारण त्यांचे वडील रोज त्याच कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहत. माझा भागीदार थट्टेने म्हणतो की ही बाई लोकांच्या घरात हेरगिरी करून पैसे कमावते. स्वतःच्या घरात मात्र मी एक दिवसही बसले नाही. कशाला बसायचं? या भिंतीलगत मी रांगले होते. आधी घर समोरच्या दोन खोल्यांचं होतं, मग बाबांनी मागे स्वयंपाकघर काढलं आणि बाहेरची भिंत आतली झाली. तिला गिलावा करायचं त्यांच्या कायम मनात होतं आणि कायम राहून गेलं. मी अभ्यास करताना त्याच उघड्या विटांना पाठ लावून बसायची आणि आई माझ्या डोक्यावरून हात नेऊन पुढे जायची. तेव्हा वाटायचं, किती माया आहे हिच्या हातात. आता मला त्या आठवणीचंही नक्की काही सांगता येत नाही.

त्यानंतरचे दिवस मी तिला चोरून बघत राहिले, आणि चोरून बघायची काही गरज नाही हे लक्षात आल्यावर मला आणखीच चोरट्यासारखं झालं. चष्मा हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. आईचा चष्मा कधीच सापडत नाही. पेपर आला की, "वाच ग जरा, माझा चष्मा कुठे गेलाय कोण जाणे," आणि आम्ही वाचायचो. दादाने एकदा वाढदिवसाला तिला चष्म्यांचा अख्खा डबाच दिला होता, ते सगळेही हरवले. चहाचा कप ती एका वेळी एकच आणते, कारण म्हणे ट्रे हेलकावतो. त्या कारणाला आम्ही सगळे वर्षानुवर्षं माना डोलावत आलो, आणि दुसरा हात कशासाठी मोकळा लागतो हे कोणी विचारलं नाही. मुकादमाला ती त्याच्या खाकरण्यावरून ओळखते. मी घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल करून आणलं होतं तेव्हा तिने ते मांडीवर घेऊन बराच वेळ बोटांनी चाचपलं होतं, कडांवरून, पायऱ्यांवरून, काचेच्या जागी लावलेल्या पातळ प्लास्टिकवरून, आणि म्हणाली होती, "बरीच मोकळी जागा होणार की." मला केवढं भरून आलं होतं तेव्हा. इतक्या प्रेमाने माझं काम आजवर कोणी हाताळलं नव्हतं.

लहानपणी वीज जायची तेव्हा बाबा हमखास कशाला तरी धडकायचे आणि खुर्चीच्या नावाने बोटं मोडायचे. आई मात्र त्याच काळोखातून जाऊन पाणी आणायची, दार लावायची, माझा मोजा शोधून द्यायची. आम्हाला वाटायचं तिला काळोखात दिसतं. दादा तर शाळेत सांगत सुटला होता. तेव्हा तिचे डोळे धड होते, हे मला माहीत आहे, ती सुईत दोरा ओवायची. म्हणजे घर तिला तेव्हापासूनच अंगात मुरलेलं होतं, आणि पुढे डोळे कधी मागे राहिले ते तिच्याशिवाय कोणाला कळायचं कारणच उरलं नाही. घर तिला सांभाळून घेत होतं. उंबरठ्याला पाय लागला की खोली बदलली, फरशी गार लागली की न्हाणीघर आलं, विटा संपल्या की चूल. आणि मी काय केलं होतं? उंबरठे काढले होते. एकच फरशी आत-बाहेर सलग जाणार होती. समोरच्या दारातून बघितलं की नजर कुठेही न अडता मागच्या काचेतून थेट झाडांपर्यंत गेली पाहिजे, असं मी मुकादमाला हातवारे करून समजावलं होतं. नजर, नजर, नजर. सगळा नकाशाच नजरेचा होता.

दादाला सांगावं का, हा प्रश्न दिवसभर माझ्या मागे लागला होता. दादा वाईट नाही. बाबा गेल्यापासून त्याचं एकच म्हणणं आहे की आईने त्याच्याकडे यावं. त्याची जागा उंच इमारतीत आहे, लिफ्ट आहे, वहिनी सालस आहे, आईसाठी एक खोली रंग देऊन तयार आहे. आई एकदा महिनाभर तिथे राहून आली. आल्यावर तिने एवढंच सांगितलं की तिथे सगळे फार चांगले आहेत आणि तिला सारखं बसायला सांगतात. हे बांधकाम निघालं ते मुळात यासाठीच. आमचा तिघांचा करार होता: घर नीट केलं, सगळं हाताशी आणलं, तर आई इथेच राहील, आणि ज्या दिवशी तिचं तिला जमेनासं होईल त्या दिवशी कुरकुर न करता दादाकडे जाईल. करार तोंडीच, पण आईने त्याला मान हलवली होती. दादा रोज संध्याकाळी फोनवर चेहरा दाखवतो आणि आई बरोबर फोनकडे बघून हसते, कारण आवाज तिथून येतो. "आई कशी आहे?" तो मला विचारायचा, आणि मी म्हणायचे, "मजेत आहे." फोन ठेवला की मी घरभर फिरायचे. घर उरलंच किती होतं, समोरच्या दोन खोल्या आणि खोक्यांमधली वाट, तरी फिरायचे. आई पलंगावरून म्हणायची, "बस ग बाई, तुझ्या पावलांनी मला भोवळ येते." मी बसायचे आणि पुन्हा उठायचे.

ऑफिसात मी नवी चित्रं काढायला घेतली. सगळ्या मोकळ्या जागेतून एक भिंत नेली, पूर्ण उंचीची. ती काढून टाकली आणि कमरेएवढी केली. मग तिच्या जागी कपाटांची रांग घातली, मग कठडा, मग फरशीत खडबडीत दगडाची पट्टी. एकही धड दिसेना. कुठल्याही चित्राकडे बघितलं की पहिल्यांदा तेच दिसायचं, आणि ते का आहे हेही लगेच कळायचं. इस्पितळाच्या बोळात असतो तसला कठडा मी माझ्या आईच्या घरात काढत होते. भागीदार माझ्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "ही भिंत इथे काय करतेय?" मी म्हणाले, "खाली ड्रेनेजची लाईन आहे." तो म्हणाला, "मग लाईन जमिनीत जाईल, भिंतीत कशाला?" मी त्याच्यावर खेकसले. तो निमूट त्याच्या टेबलाशी गेला आणि मला रडू आलं. इतक्या वर्षांत मी टेबलाशी रडले नव्हते. मला तिची दया येत नव्हती, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होते, आणि खरंच येत नव्हती. मला राग आला होता. तिने मला सांगितलं नाही याचा, आणि मी विचारलं नाही याचा. दोन्ही राग एकमेकांत इतके गुंतले होते की कोणावर ओरडायचं तेच उमगेना.

काचवाल्याला मापं पक्की करून हवी होती. मुकादम रोज विचारायचा. शेवटी एका सकाळी मी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "भिंत परत बांधायची." तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुठली?" "हीच. होती तिथेच." "मॅडम, लोखंडी तुळई चढवून झाली. आता टेकू काढायचे तेवढे बाकी. भिंतीची गरजच नाही." "गरज नाही ते मला कळतं." "मग?" "मग बांधा." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "तुम्हीच म्हणाला होता, नजर अडता कामा नये," तो म्हणाला, आणि त्यात कुचकेपणा नव्हता, तो खरोखर कोड्यात पडला होता. मी म्हणाले की माझा विचार बदललाय. सुट्टीनंतर विटा लावायला घेतो, असं म्हणून तो गेला. मागे वळले तर आई तिच्या खोलीच्या दारात चौकटीला धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या मानेवरून कळत होतं. ती वळली आणि आत गेली.

सुट्टीच्या दिवशी घरात ठोकाठोक नसते, त्यामुळे स्वतःच्या श्वासाचाही आवाज होतो. सकाळी आंघोळ उरकून आई खोलीच्या दाराशी खुर्ची घेऊन बसली आणि मला म्हणाली, "ये, बस इथे. आणि उठू नकोस मध्ये." मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. "भिंत कोणासाठी बांधतेयस?" तिने विचारलं. मी म्हणाले, "घराला बरी." "खोटं बोलताना तू भराभर बोलतेस, लहानपणापासून," ती म्हणाली. मागच्या उजेडात तिचा चेहरा उघडा पडला होता आणि ती डोळे किलकिले करून त्या उजेडाकडे तोंड करून बसली होती. "उजेड दिसतो मला," ती म्हणाली. "उजेडातलं काही दिसत नाही. डॉक्टरांकडे मी एकटी जाऊन आले, रिक्षा करून. आता जेवढं आहे तेवढं सांभाळायचं म्हणाले. तुला कधी कळलं?" "चहा आणलास त्या दुपारी." "म्हणजे भिंत पडल्यावर," ती म्हणाली आणि थोडी हसली. "बरोबर आहे. तिच्या अंगावरच तर चालले होते मी."

"मग पाडू का दिलीस?" माझा आवाज चढला. "नकाशे दाखवले तेव्हा का नाही बोललीस? मॉडेल मांडीवर घेऊन बसलीस, छान छान म्हणालीस. एका शब्दाने सांगायचं होतंस, भिंत ठेव." आईने माझं बोलणं पुरतं होऊ दिलं. मग म्हणाली, "नव्या घरात सगळेच धडकतात ग. तू धडकशील, दादा येईल तो धडकेल, वहिनी काचेवर आपटेल. सहा महिने सगळे म्हणत राहतील, अजून सवय नाही झाली. त्यात माझं कोणाच्या डोळ्यांवर आलं नसतं. जुन्या घरात मी एकदा जरी अडखळले असते ना, तर दादा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभा राहिला असता. या घरात मी अडखळायला लागले होते, भिंगरे. तू कामावर असायचीस. दोनदा पडले. म्हणून तू नवं घर म्हणालीस तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हो म्हणाले." माझ्या वर्षभराच्या कामाला ती आडोसा म्हणून वापरत होती, आणि मला वाटत होतं की मी तिला उजेड देतेय. तिचा मला राग यायला हवा होता. मला तिचा अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली. "आणि आता तू तिथे मधोमध भिंत बांधणार," ती म्हणाली. "दादा आत पाऊल टाकायच्या आधी विचारेल, ही कोणासाठी?"

"मग करू काय मी?" मी म्हणाले. "काही करू नकोस. मला ही जागा पाठ करू दे. रोज, हे लोक यायच्या आत. विटा-बिटा हलतील त्यांच्या, हलू देत, जागा तर हलत नाही. पाठ झाली की दादाला मीच बोलावीन आणि मीच सांगेन. इथून तिथवर चालत जाऊन सांगेन. मग ने म्हणावं, न्यायचं असेल तर." ती उठली. "तू त्या टोकाला जा. काच येणार आहे तिथे. आणि बोलत राहा, म्हणजे टोक कुठे आहे ते मला कळेल." मी गेले. मागची बाजू उघडीच होती, पाठीला अंगणातला वारा लागत होता. "काय बोलू?" मी विचारलं. "हे घर कसं होणार आहे ते सांग. तू मला कधी सांगितलंच नाहीस, नुसती चित्रं दाखवलीस."

मी सांगायला लागले. आधी शब्द सापडेनात, कारण माझे सगळे शब्द बघायचे होते. मग म्हणाले की तुझ्या दारापासून इथपर्यंत जमीन सपाट आहे, कुठे चढ नाही. छत इथे आल्यावर उंच होतं, आवाज जरा मोठा होईल. सकाळी ऊन डाव्या बाजूने येईल आणि गालाला लागेल, दुपारी डोक्यावर. आई चौकट सोडून निघाली होती. हात तिने अंगाशीच ठेवले होते. पहिली पावलं फरशीवर घासत आली, मग उचलून पडायला लागली. ती सरळ येत नव्हती, हळूहळू डावीकडे कलत होती, आणि डावीकडे लोखंडी टेकू होता. मी बोलत राहिले, चूल कुठे येणार, पाण्याचा नळ किती उंच. टेकू तिच्या खांद्यापासून वीतभर उरला. मला "थांब" म्हणायचं होतं, पण तिने मला नुसतं बोलत राहायला सांगितलं होतं. खांदा आपटला, टेकू ठणठणला, ती एका पायावर डगमगली, आणि मी धावले. दोन-तीन ढांगा टाकल्या असतील. तोवर तिने टेकूला हात लावून तोल सावरला होता आणि दुसरा हात माझ्या दिशेने उभा धरला होता.

"हललीस तू," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "आवाज जवळ आला. आता मला टोक कुठे आहे ते कळेना. मागे जा." खांदा दुखतोय का, मी विचारलं. "मागे जा आधी," ती म्हणाली. मी मागे सरकले, होते तिथे जाऊन उभी राहिले. आईने टेकूवर वरपासून खालपर्यंत हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. मग वळली आणि दारापर्यंत परत गेली, चौकट हाताला लागेपर्यंत, आणि चौकट लागल्यावर पुन्हा माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. "सांग पहिल्यापासून," ती म्हणाली. मी टाचा फरशीत रोवल्या, हात पाठीमागे घट्ट धरले आणि सांगायला लागले.